सूनबाईंचं लायसन आणि दत्तरावांचा शिरस्ता

पंकजाच्या विमानाच्या लायसनची मुदत वीस फेब्रुवारीला संपते आहे, हे दत्तरावांना जानेवारीत कळलं आणि तेही चुकून. सून अंगणात फोनवर कुणाशी तरी बोलत होती. 'मुदत' एवढा एकच शब्द खिडकीतून आत आला आणि दत्तराव हातातला चहा तसाच ठेवून उभे राहिले. जिंतूरच्या तहसील कचेरीत पस्तीस वर्षं काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हा शब्द ऐकून बसून राहता येत नाही. ते अंगणात गेले आणि म्हणाले, "सूनबाई, कागद दाखव."

इथे थोडा खुलासा करायला हवा, कारण तो दत्तरावांना गेली तीन वर्षं सगळीकडे करावा लागत होता. पंकजा ही चारठाण्याच्या शेतकऱ्याची मुलगी. शेतीची इंजिनिअर झाली, पुढे शिकायला अमेरिकेत गेली, तिथेच चार वर्षं नोकरी केली आणि शनिवार-रविवारी लोक बाजारहाट करतात तेव्हा ही विमान चालवायला शिकली. मग परत आली, इथलंही लायसन काढलं, परभणीच्या एका कॉलेजात शिकवायला लागली आणि दत्तरावांच्या रविकांतशी तिचं लग्न झालं. रविकांत बँकेत होता. वडील आणि फाईल यांच्या मध्ये आपण कधी उभं राहायचं नाही, हे तो लहानपणीच शिकला होता.

पेडगावात, म्हणजे दत्तरावांच्या मूळ गावी, सूनबाई विमान चालवते यावर कुणाचाच विश्वास नव्हता. "विमानात चहापाणी देती म्हणा की," असं लोक म्हणायचे. दत्तराव म्हणायचे, "देत न्हाई. चालवती." त्यावर लोक मान हलवायचे, पण म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा, अशा बेताने हलवायचे. दत्तरावांना ते फार लागायचं. सूनबाईचं लायसन हा त्यांच्या इज्जतीचा प्रश्न होता, आणि त्याची मुदत संपत होती.

पंकजाने दोन कागद आणून दिले. पहिला अमेरिकेचा, प्लॅस्टिकचा. दत्तरावांनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"ह्याच्यावर मुदत कुठंय?"

"नाही मामा. अमेरिकेचं लायसन संपतच नाही," पंकजा म्हणाली. "फक्त दर दोन वर्षांनी तिथला परवाना असलेल्या शिक्षकाबरोबर उडून दाखवायचं. ते नाही केलं तर लायसन राहतं, पण उडता येत नाही."

"अन् आपल्याकडचं?"

"आपल्याकडचं संपतं. मेडिकल लागतं, आधी ठरावीक तास उडालेलं लागतं, तपासणीचं उड्डाण लागतं."

दत्तरावांनी कमलबाईंना, म्हणजे बायकोला, सारांश सांगितला : अमेरिकेत कागद म्हातारा होत नाही, माणूस होतो, आपल्याकडे माणूस ठणठणीत असला तरी कागद म्हातारा होतो. कमलबाई गवार मोडत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग दोघांनाबी एकदाच दाखवा न् मोकळे व्हा."

आणि गंमत म्हणजे मार्ग तोच होता. सुकेशनी मॅडम नावाच्या एक परीक्षक होत्या. त्यांच्याकडे दोन्ही देशांचे अधिकार होते. चार तासांच्या रस्त्यावर एक फ्लाईंग क्लब होता, तिथे त्या दहा ते अठरा फेब्रुवारी एवढेच दिवस येणार होत्या. त्यांच्याबरोबर एक उड्डाण केलं की दोन्हीकडचं काम होणार होतं. आणि ते हुकलं, तर वीस तारखेला इथलं लायसन संपणार, आणि तिकडच्यासाठी तिकीट काढून अमेरिकेला जावं लागणार. पंकजाची कॉलेजातली रजा आणि पगार बघता अमेरिका बरीच लांब होती.

"आता तू फक्त विमानाचं बघ," दत्तराव म्हणाले. "कागदाची जिम्मेदारी माझी. पस्तीस वर्षांत माझी एकबी फाईल त्रुटी निघून परत आलेली न्हाई."

बातमी भिंतीपलीकडे जायला वेळ लागला नाही. शेजारी सटवाजी राहत. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेले, त्यामुळे चाक असलेल्या सगळ्या वस्तूंवर त्यांचं मत असे. ते संध्याकाळीच आले.

"भाऊसाहेब, उगं ताप करून घ्यायलाव तुमी. आपल्या वळखीचा एजंट हाय आरटीओत. दोन फोटू द्या, झालं."

"विमानाचं आरटीओत होत नाही, काका," पंकजा म्हणाली.

"आसं व्हय. बरं, तुमच्या परीक्षेत रिव्हर्स घ्यायला लावत्यात का?"

"विमानाला रिव्हर्स नसतो."

सटवाजींनी दत्तरावांकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "मंग सोपंच हाय की. आमी आठाचा आकडा रिव्हर्समधी काढलेला हाय."

मेडिकलची तारीख चार फेब्रुवारी मिळाली. विमानवाल्यांचं मेडिकल कुठलाही डॉक्टर करत नाही, नेमून दिलेलाच डॉक्टर लागतो, आणि तो दुसऱ्या शहरात होता. दत्तरावांनी सूचनांचा कागद फाईलला लावला, 'रक्ततपासणी उपाशीपोटी' या ओळीखाली लाल रेघ मारली आणि पिवळी चिठ्ठी चिकटवली. मात्र ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला सांगितली नाही. तोंडी सूचनेला त्यांच्या लेखी किंमत नव्हती, आणि लेखी सूचना तर फाईलला लावलेली होती.

पहाटे पाचच्या सुमाराला दत्तराव, पंकजा आणि गाडी चालवायला रविकांत निघाले. पंकजा पायरीवर बूट घालत होती आणि मनातल्या मनात कसलीशी उजळणी करत होती. कमलबाई वाटी घेऊन आल्या. शुभ कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवायची, हे त्यांनी रविकांतच्या बालवाडीपासून त्याच्या बँकेच्या मुलाखतीपर्यंत एकदाही चुकवलं नव्हतं. पंकजाने हात पुढे केला, दही तोंडात टाकलं, नमस्कार केला. चौघांपैकी एकालाही काही वावगं वाटलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं?"

पंकजा 'नाही' म्हणणारच होती. पण दत्तराव सरकारी माणूस. त्यांनी उभं राहून सांगितलं, "दही एक चमचा. साखर अर्धा चमचा. वेळ पाच वाजून दहा मिनिटं."

पुढची तारीख मिळाली बारा फेब्रुवारी. घरी कमलबाईंनी ऐकून घेतलं आणि उलट त्याच चिडल्या. "शुभ कामाला लेकराला उपाशी धाडायचं? आसली कसली परीक्षा?" पण बारा तारखेला त्यांनी दही-साखर छोट्या डबीत घातली, वर फडकं बांधलं आणि पंकजाच्या पर्समध्ये ठेवून बजावलं, "रगत दिलं की लगीच खा. तवर देवाला सांगून ठिवते मी." पंकजाने दवाखान्याच्या पायरीवर बसून ती डबी चाटूनपुसून साफ केली. डोळे, कान, छाती, रक्त, सगळं व्यवस्थित निघालं. दत्तरावांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरून वाचलं. सूनबाईचं हृदय नियमित आहे हे शासनाने लिहून दिलेलं पाहून त्यांना भरून आलं.

सुकेशनी मॅडमनी सोळा तारीख दिली. आता राहिलं होतं फक्त लॉगबुक.

लॉगबुक म्हणजे वैमानिकाची वही. कुठून कुठे उडालो, किती वेळ, कसं, ते तिच्यात लिहायचं. पंकजा तेरा तारखेला कॉलेजला जाताना म्हणाली, "मामा, तेवढी वही बॅगेत ठेवा." दत्तरावांनी वही हातात घेतली आणि ठेवण्याआधी उघडली.

पहिला धक्का असा, की अमेरिकेतलं शिक्षण संपल्यानंतरच्या नोंदी पंकजाने स्वतःच केल्या होत्या आणि खाली स्वतःच सही केली होती. तलाठ्याने आपल्याच नावावर जमीन चढवावी आणि कुणी काही विचारू नये, तसा हा प्रकार. असला विश्वासू देश चालतो कसा, हे त्यांना कळेना. पण ते वाचत गेले, तसा त्यांचा राग उतरत गेला. दोनशे बारा नोंदी. एक खाडाखोड नाही. 'आडवा वारा, उतरणं रद्द, पुन्हा फेरी, दुसऱ्यांदा ठीक.' 'ढग खाली आले, अर्ध्यातून परतले.' आपलं काय चुकलं तेही तिने लिहून ठेवलं होतं. दत्तरावांनी आयुष्यात हजारो रजिस्टरं पाहिली होती. स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहिणारा माणूस त्यांना एकाही रजिस्टरात भेटला नव्हता. त्यांना सुनेचा इतका अभिमान वाटला, की या रजिस्टरासाठी आपण काहीतरी केलंच पाहिजे असं त्यांच्या मनाने घेतलं.

आणि रजिस्टरात एक मोठा दोष होता. रिकाम्या जागा.

रिकाम्या जागेची भीती ज्याला नाही, त्याने महसूल खात्यात नोकरी केलेली नाही. कोऱ्या रकान्यात उद्या कुणीही काहीही घालू शकतो. दत्तरावांनी लाल शाईचं पेन काढलं. तीन दिवस ते जेवणापुरते उठले. प्रत्येक रिकाम्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात 'निरंक', म्हणजे इथे काही नाही, असं लिहिलं. पानांना क्रमांक घातले. शेवटच्या नोंदीखाली दुहेरी रेघ मारली. पुढची पासष्ट कोरी पानं एकेक करून तिरप्या रेघेने छेदून 'रद्द' केली. शेवटच्या पानावर दाखला लिहिला : 'या नोंदवहीत एकूण शहाण्णव पाने असून पैकी एकतीस पानांवर नोंदी आहेत. उर्वरित पाने बंद केली असे.' खाली सही, तारीख. मग वही लाल कापडाच्या बस्त्यात बांधून, गाठ मारून बॅगेत ठेवली आणि समाधानाने अंघोळीला गेले.

सोळा तारखेला सगळी वरात निघाली. गाडी सटवाजींनी चालवायला घेतली, रविकांतला रजा मिळाली नाही, आणि कमलबाई म्हणाल्या, "मीबी येते. घरात बसून माजा जीव टांगणीला लागंल." क्लबाच्या आवारात गाडी थांबली. समोर धावपट्टी आणि दोन माणसांचं पांढरं विमान. पंकजाने बस्ता सोडला आणि वही उघडली.

ती ओरडली नाही. दत्तराव पुढे अनेक दिवस सांगत राहिले, की ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एकेक पान उलटत गेली आणि शेवटी अगदी हळू म्हणाली, "मामा, ह्याच्यात मॅडमना लिहायचं असतं."

"कुठं?"

"पुढच्या कोऱ्या जागेत. अमेरिकेत उडून दाखवलं याचा पुरावा म्हणजे ह्या वहीतल्या चार ओळी आणि सही. दुसरा कागदच नाही. कार्ड नुसतं ओळखीला असतं." तिने लाल शाईवर बोट ठेवलं. "आणि आपल्याकडे वैमानिकाच्या वहीत दुसऱ्याचं अक्षर दिसलं, तर फेरफार केला असं म्हणतात."

अमेरिकेला जागा उरली नव्हती आणि भारताला फेरफार सापडला होता. दोन देशांचं काम दत्तरावांनी एका लाल पेनाने बिघडवलं होतं.

सुकेशनी मॅडम पन्नाशीच्या, बारीक कापलेल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी वही पाहिली. 'निरंक' या शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

पंकजा बोलायच्या आत दत्तराव पुढे झाले. कोटाची बटणं लावली आणि हात जोडले. "मी लिहिलं, बाई. हिला ठाऊक नव्हतं. कोरी जागा ठिवली की कुणीबी काहीबी घालतं, हे पस्तीस वर्षं बघितलं म्हणून लिहिलं. काय सजा द्यायची ती मला द्या. जबाब लिहून देतो. हिची वही स्वच्छ हाय. एक अक्षर खोटं न्हाई."

"ते मी कसं मानू? खाली आधी काय होतं, मला काय माहीत?"

"झेरॉक्स हाय की," दत्तराव म्हणाले.

"कसली?"

"हात लावायच्या आधीची. मूळ दस्ताला हात लावायच्या आधी तीन प्रती काढायच्या, हा शिरस्ताच हाय." त्यांनी पिशवीतून गठ्ठे काढले. प्रत्येक पान, कोऱ्या पानांसकट. शिवाय वर एक चिठ्ठी : 'पान १९, मागील पानावरून आणलेली बेरीज सहा मिनिटांनी जास्त. खात्री करावी.'

मॅडमनी पान एकोणीस काढलं. बेरीज केली. पुन्हा केली. मग पंकजाकडे पाहिलं. "ही वही माझ्या आधी दोन परीक्षकांनी तपासली आहे."

पंकजा लाल झाली. "माझी चूक आहे. मी दुरुस्त करते."

मॅडम अर्धा तास पानं पडताळत बसल्या. मूळ आकडा एकही बदललेला नव्हता. लाल शाई फक्त कोऱ्या जागांत होती. त्यांनी निकाल दिला. तिघांच्या सह्यांचा खुलासा आणि झेरॉक्स जुन्या वहीला जोडायची, क्लबातून नवी वही घ्यायची, दुरुस्त केलेल्या बेरजा तिच्यात आणायच्या आणि आपण त्यावर सही करू. "पण हा झाला कागद," त्या उठत म्हणाल्या. "विमान अजून बाकी आहे."

आधी तासभर तोंडी प्रश्न झाले. दत्तराव खिडकीखाली उभे राहिले. त्यांना सगळं कळत होतं असं नाही, पण एवढं कळत होतं की मॅडम एक प्रश्न विचारतात आणि सूनबाई दोन उत्तरं देते. अमेरिकेत हवेचा दाब इंचात, इथे हेक्टोपास्कलमध्ये. तिथे किती दूरवर दिसतं ते मैलात, इथे मीटरमध्ये. तिथे हा नियम, इथे तो. एकदाही गल्लत नाही. दत्तरावांना साहेब बदलला की जुनं परिपत्रक आणि नवं परिपत्रक यांत गोंधळायला व्हायचं, आणि ती दोन्ही निदान मराठीत असायची. ही पोरगी दोन देश डोक्यात घेऊन शांतपणे बसली होती.

दुपारी विमान उडालं. वारा सुटला होता. क्लबाच्या खांबावरचा कापडी मोजा सारखा दिशा बदलत होता. विमान लांब गेलं, परत आलं, डोक्यावर चढलं. आणि अचानक त्याचा आवाज बसला.

"बंद पडलं," सटवाजी म्हणाले.

क्लबाचा मेकॅनिक म्हणाला, "बंद नाही, काका. मॅडमनी मुद्दाम इंजिनची ताकद काढली. आता तिनं तसंच उतरवून दाखवायचं."

"आमची एसटी बंद पडली तर बाजूला घेता येती," सटवाजी म्हणाले. "हितं बाजू कुटं हाय?"

कमलबाईंनी डोळे मिटले होते. दत्तरावांनी मिटले नाहीत. त्यांना वाटत होतं, आपण नजर काढली तर विमान पडेल. पांढरं विमान वळलं, घाई न करता. वारा आडवा आला तसा एक पंख किंचित खाली झुकला, तसाच झुकलेला राहिला, आणि ते धावपट्टीच्या तोंडाशी येऊन एका चाकावर टेकलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. धूळसुद्धा फारशी उडाली नाही. सटवाजींनी डोक्यावरची टोपी काढली. तीस वर्षं गाडी चालवलेला तो माणूस म्हणाला, "भाऊसाहेब, हे आपल्याच्यानं झालं नसतं." दत्तरावांना एकदम कळलं, की तीन वर्षं आपण ज्याला लायसन म्हणत होतो, ते लायसन नव्हतंच. लायसन आत्ता खाली उतरलं होतं.

मॅडमनी नव्या वहीत चार ओळी अमेरिकेच्या लिहिल्या, भारताचे फॉर्म भरले आणि दोन्हींवर सह्या केल्या. जाताना पंकजाला म्हणाल्या, "तुझी इथली मुदत अजून चार दिवस आहे. वाराही पडलाय. घरच्या माणसाला एक फेरी मारून आण."

घरचं माणूस म्हणजे कोण, याबद्दल दत्तरावांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी कोटाची बटणं पुन्हा लावली. पण दोन माणसांच्या विमानात टाकी भरलेली असताना वजनाचा हिशेब कडक असतो. "मामा, वजन किती?" दत्तरावांनी ऐंशी सांगितलं. हँगरमधल्या, म्हणजे विमानांच्या शेडमधल्या, काट्याने शहाण्णव सांगितलं. "दस्तऐवजासकट मोजलं," असं म्हणून त्यांनी पिशवी खाली ठेवली. काटा चौऱ्याण्णववर आला. पंकजा ओशाळून उभी राहिली. तेवढ्यात कमलबाई पुढे झाल्या, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "मी अठ्ठेचाळीस हाय."

आयुष्यात रेल्वेतसुद्धा खिडकीजवळ न बसलेली ही बाई कुणाचा हात न धरता आत चढली. दत्तराव कुंपणाशी उभे राहिले. विमान गेलं, लहान झालं, मोठी फेरी घेऊन परत आलं. कमलबाई उतरल्या तेव्हा त्यांचा अंबाडा सुटला होता.

"काय दिसलं, वैनी?" सटवाजींनी विचारलं.

"रान दिसलं, रस्ता दिसला, तळं दिसलं," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "पर मी भायेर लय बघितलंच न्हाई. पोरीकडंच बघत व्हते. एकेक काटा बघायली, त्याला बोट लावायली, मंगच फुडं जायली. माज्याशी एक शबूद बोलली न्हाई. तुमी जिंतूरला घरी फायली आणून बसायचे, तवा तुमचं त्वांड आसंच व्हायचं. मला लय राग यायचा. वाटायचं, ह्या माणसाला कागदाबिगर काई दिसतच न्हाई. आज वर गेल्यावर कळलं. तिच्या हातात मी व्हते. तुमच्या त्या फायलीतबी कुणाचं तरी रान आसंल."

दत्तरावांनी कमलबाईंची कुंपणाशी ठेवलेली चहाच्या थर्मासची पिशवी, जी चाळीस वर्षांत त्यांनी कधी स्वतःहून घेतली नव्हती, ती आपल्या हातात घेतली आणि गाडीपर्यंत त्यांच्या बरोबरीने, त्यांच्या चालीने चालत गेले.